नुसती किनार

१

चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्यात रघुरामचं काम उजेड तपासायचं. गाड्यांचे पुढचे दिवे अंधाऱ्या खोलीत लावायचे, समोरच्या पांढऱ्या पडद्यावर उजेडाची कड कशी पडते ते बघायचं, आणि कडेला तांबडा-निळा रंग फुटलेला दिसला की तो दिवा बाजूला काढायचा. काच कुठे जाडबारीक झाली की उजेड वाकतो आणि वाकला की फुटतो, हे त्याला इतकं पाठ झालं होतं की जेवताना पाण्याच्या भांड्यापाशी रंग दिसला तरी तो मान तिरकी करून बघत बसे. त्याची बायको कनका म्हणायची, "तुमच्या डोळ्यांस रजा कशी ती माहीत नाही."

त्याच डोळ्यांनी एका सोमवारी दगा दिला. पेरुंगुडीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो नेहमीसारखा खिडकीजवळ बसला होता. कंपनीची बस यायला अवकाश होता. स्वयंपाकघरातून कनका कॉफी घेऊन आली, आणि एकीच्या जागी दोन आल्या. दोन सारख्या हिरव्या सुती साड्या, दोन पेले, दोन वाफा. त्याने पेला घ्यायला हात पुढे केला तो दोघींच्या मधल्या हवेत गेला.

डॉक्टर चंद्रमौळींनी त्याच्या डोळ्यांपुढे पेन हलवून निदान केलं. साखर वाढली होती आणि डाव्या डोळ्याला बाहेर वळवणारी नस रुसली होती. "उजवा डोळा सरळ बघतो, डावा नाकाकडे वळून बसलाय. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. उजवीकडची खरी, डावीकडची नक्कल. गोळ्या वेळेवर घ्या. दोन-तीन महिन्यांत नस शुद्धीवर येते आणि दोनाचं एक होतं."

रिक्षातून घरी येताना रघुरामला थट्टा सुचली. "देवानं मज या वयात दोन बायका दिल्या, कनका."

"बरंच झालं की," कनका म्हणाली. "एक शाळेत जाईल, दुसरी घरी राहून तुम्हांस सांभाळेल."

दोघंही पोट धरून हसले. रिक्षावालासुद्धा आरशातून बघायला लागला.

कनका जवळच्याच शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवायची. रोज सकाळी ती निघे तेव्हा दारात एक रीत पाळली जाई. तंजावरच्या या मराठी घरांत बोलणं जुनं आणि निम्मं तमिळ, पण निरोपाच्या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत. बाहेर पडताना 'जाते' असं म्हणायचं नाही. तसं जाणारे एकदाच जातात. तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन' म्हणतात तसं पुरतं म्हणायचं, 'जाऊन येते'. आणि घरात मागे राहणाऱ्याने म्हणायचं, 'ये'. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रघुराम घाईघाईत 'जातो' म्हणून जिना उतरला होता, तेव्हा नवी नवरी कनका अनवाणी फाटकापर्यंत धावली होती. त्याला परत वर आणून, पाणी पाजून, नीट म्हणायला लावून मगच तिने सोडलं होतं. कारखान्यात पुण्याहून आलेला उदयसिंह म्हणून एक इंजिनियर होता, तो सुट्टी झाली की नुसतं 'येतो' म्हणे. त्यावर कनकाचं मत ठरलेलं होतं.

"अर्धं वाक्य गिळतात ते. जाणं गिळलं की नुसतं येणं उरतं. मग कोण कुठनं येतं, काय की."

२

रजेचे पहिले दिवस गमतीत गेले. रघुराम नसलेल्या पायरीवर पाय टाके, भिंतीवरच्या नकली खिळ्याला टॉवेल अडकवायला जाई आणि टॉवेल धप्पकन खाली पडे. दुपारी पाण्याचा टँकर खाली भोंगा वाजवी तेव्हा तो गॅलरीतून बघे आणि दोन टँकर बघून सुखावे. चेन्नईत उन्हाळ्यात दोन टँकर दिसणं म्हणजे चैनच.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या रुंद बरणीत मनीप्लांटची वेल होती. साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणून कनका रोज पाणी बदलायची आणि नवं पाणी भरलं की सवयीने त्यात तर्जनी बुडवून देठ नीट बसवायची. वेलीचा देठ पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखा दिसे. कनकाचं बोटही तिथेच मोडे. रघुराम हे शंभरदा बघून शंभरदा सांगायचा.

"पाण्यात शिरलं की उजेड वाकतो. जे खरोखर पाण्यात असतं ते मोडलेलं दिसणारच."

"आणि मोडलेलं दिसलं नाही तर?"

"तर ते पाण्यात नाहीच."

"सरि, वाद्यार," कनका मुलं तिला म्हणत त्या सुरात म्हणायची. बरं, मास्तर.

त्याने दोन कनकांना नावंही ठेवली. उजवी ती खरी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, थोडी फिकट, ती डावी. डावा डोळा झाकला की डावी नाहीशी होई. हिशेब चोख होता.

मग एका सकाळी कनका घेवडा निवडत बसली होती. रघुरामने शेजारच्या सेतुमाधवची काहीतरी टिंगल केली आणि कनका हसली. डावीही हसली. पण जरा मागाहून. खरी हसून पुन्हा शेंगांकडे वळली होती, तेव्हा डावीचे ओठ उघडत होते.

रघुरामने डोळे चोळले. दुखावलेली नस, आत निरोप पोचायला वेळ लागत असेल, असं त्याने मनाशी ठरवलं. पण मग घेवड्याची शेंग मागे राहत नव्हती. टोपली, सुरी, वर फिरणारा पंखा, यांच्या दोन्ही प्रती अगदी जोडीने हलत होत्या. उशीर एकटीलाच होत होता. त्याने डावा डोळा झाकला आणि उरलेली सकाळ तो तसाच बसून राहिला.

३

चंद्रमौळींनी यावर तोडगा काढला तो लोलकाचा. चष्म्याच्या डाव्या भिंगावर चिकटवायची एक पातळ पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा, आणि प्रत्येक रेघ म्हणजे एक चिमुकला लोलक. उजेडाला ढकलून ती डावीकडची प्रत उजवीकडच्या प्रतीवर नेऊन बसवते. चष्मेवाल्याने पट्टी लावून चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रघुरामला रडूच आलं. एक दार, एक रस्ता, एक बस. शेजारी एकच कनका, पर्स छातीशी धरून उभी.

"दिसतं का नीट?"

"एकच आहेस ग तू," तो म्हणाला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

पट्टीची एक खोड होती आणि ती रघुरामइतकी कुणाला कळणार! तिच्यातून बघितलं की प्रत्येक वस्तूला रंगीत किनार फुटे. दाराच्या चौकटीला एका बाजूने तांबडी, दुसऱ्या बाजूने निळी. खिडकीच्या गजांना, पंख्याच्या पात्यांना, कनकाच्या खांद्याला. कारखान्यात ज्या रंगासाठी त्याने आयुष्यभर दिवे बाद केले, तो रंग घरभर सांडला होता. उजेड वाकला होता त्याची ती खूण होती. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी पेपर घेऊन बसला. कनकाने डबा भरला, चपला घातल्या.

"जाऊन येते हं."

"ये," तो म्हणाला.

दार लागलं. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली गेला. फाटक करकरलं. पेपरात पाणीकपातीची बातमी होती, ती त्याने चवीने वाचायला घेतली.

चपलांच्या मांडणीजवळून, त्याच्या डाव्या अंगाला, कनकाचा आवाज आला.

"येते."

"ये," रघुराम म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

पान उलटून अर्धी ओळ वाचल्यावर त्याने पेपर खाली ठेवला. फाटक तर केव्हाच वाजलं होतं. त्याने मान वळवली. मांडणीजवळ कुणी नव्हतं. मांडणीला तांबडी-निळी किनार होती, भिंतीला होती, दाराच्या कडीला होती. घरात प्रेशर कुकरची शिटी निवल्यावर असते तशी शांतता होती.

'येते' म्हणाली ती. 'जाऊन' म्हणाली नाही. आणि आपण तिला 'ये' म्हणून बसलो.

४

संध्याकाळी त्याने हसत हसत विचारल्यासारखं करून विचारलं. कनका पदराने मान पुसत होती.

"नुसतं 'येते' मी कशास म्हणीन? मी काय पुण्याची?"

"सकाळी दोनदा निरोप घेतलास की काय, असं वाटलं."

"पेपर वाचताना झोपला असाल." ती स्वयंपाकघरात गेली. आतून तिचं बोलणं चालू राहिलं, शाळेतल्या कुणा मुलाने पेन्सिल नाकात घातली होती त्याची कथा. रघुराम दारात जाऊन उभा राहिला. कनका ओट्यापाशी, पाठमोरी, चिंच कोळत होती. तिच्या पाठीला तांबडी किनार, निळी किनार. एकच कनका. त्याने निःश्वास सोडला आणि तेव्हाच त्याला दुसरी दिसली.

खऱ्या कनकापासून डावीकडे, फ्रिजच्या शेजारी. चष्मा डोळ्यांवर होता. फ्रिज एकच दिसत होता, ओटा एकच होता, नळ एकच होता. पट्टीने घरातली प्रत्येक वस्तू जुळवली होती आणि हिला मात्र जागेवरून हलवलं नव्हतं.

आणि तिला किनार नव्हती. फ्रिजच्या दांड्याला होती, मिठाच्या बरणीला होती, भिंतीवरच्या पालीलासुद्धा होती. हिच्या अंगाची कड स्वच्छ, कातरीने कापलेल्या कागदासारखी. म्हणजे हिचा उजेड पट्टीतून वाकून आलेलाच नव्हता. मग तो कुठून आला होता?

त्याने डावा डोळा झाकला. ती गेली. कनका पाठमोरी चिंच कोळत होती आणि पेन्सिलीची गोष्ट सांगत होती. आता त्याने उजवा डोळा झाकला, आणि हे त्याने करायला नको होतं. डाव्या डोळ्याला ओटा दिसला, चिंचेचं भांडं दिसलं. ओट्यापाशी कुणी नव्हतं. कनकाचा आवाज त्या रिकाम्या जागेतून येत होता. फ्रिजजवळची मात्र पाठमोरी नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बोलण्याबरोबर ओठ हलवत होती. अजून तिला नीट जमत नव्हतं. एखादा शब्द सुटत होता.

"ऐकता ना?" कनका म्हणाली.

"ऐकतो," रघुराम म्हणाला. उजव्या डोळ्यावरचा हात काढून त्याने तो डाव्यावर ठेवला.

५

चार दिवस त्याने कुणाला सांगितलं नाही. माणसाला वेड लागत असेल तर ते निमूट लागू द्यावं, बोभाटा करू नये, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. तो मनाशी एकामागून एक कारणं जुळवत होता. पट्टीला कुठे बुडबुडा असेल. गोळ्यांचा परिणाम असेल. पण त्याने पट्टी काढून, धुऊन, पुन्हा लावली. बुडबुडा नव्हता. आणि डावी रोज थोडी उजवीकडे सरकत होती. सुरुवातीला फ्रिजजवळ, मग मिठाच्या बरणीजवळ, मग कनकाच्या कोपराला लागून.

चंद्रमौळींनी तपासलं आणि ते खूश झाले. "नस जागी होतेय. अंतर कमी झालंय. लवकरच दोन्ही प्रती एक होतील."

"डॉक्टर, एक झाल्यावर," रघुरामने विचारलं, "दोन्हींतली राहते कुठली?"

डॉक्टर मोठ्याने हसले. "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. दोन्ही एकच असतात हो."

घरी येताना जिन्याच्या मधल्या वळणावर कनका थांबली आणि डावा दंड चोळायला लागली.

"एक सांगू? हसू नका. चार दिवस झाले, मज डाव्या अंगास कुणी खेटून उभं असल्यासारखं वाटतं. वर्गात नाही. वाटेत नाही. घरातच."

मग मात्र रघुरामने सगळं सांगून टाकलं. पेपर, मांडणी, ते 'येते', आणि आपलं 'ये'. जिन्याच्या भिंतीत काचेच्या जाड विटा बसवलेल्या होत्या. त्यांतून ऊन आत यायचं आणि पायऱ्यांवर सात रंगांचे पट्टे पडायचे. कनका त्या पट्ट्यांत उभी राहून ऐकत होती. तिच्या तोंडाचा रंग उडाला, पण ती हसली नाही आणि तिने त्याला वेड्यातही काढलं नाही. रघुरामला तेवढ्यानेच हुंदका आला.

"तुम्ही 'ये' म्हणालात," ती म्हणाली.

"सवयीनं ग. तुझाच आवाज होता."

"माझा आवाज, पण वाक्य माझं नव्हतं. कळायला हवं होतं की तुम्हांस." मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "जाऊ द्या. आता काय करायचं ते बोला."

दोघांनी मिळून विचार केला तो असा. नस बरी होईल त्या दिवशी दोघी जुळतील. त्या दिवशी कनका घरात नसली तर जुळायला काही उरणारच नाही. मुलगी सहाना बंगळूरला होती. कनकाने शाळेतून रजा काढावी, शनिवारी दुपारच्या गाडीने तिच्याकडे जावं, आणि रघुरामला धडधडीत एक दिसायला लागल्यावरच परत यावं.

"आणि परत आले की मी किल्लीनं दार उघडणार नाही," कनका म्हणाली. "बाहेर उभी राहून विचारीन, येऊ का म्हणून. तुम्ही 'ये' म्हटलं की मगच आत पाऊल टाकीन. पहिलं 'ये' तिला फुकट गेलं. दुसरं मज ठेवा."

रघुरामला ही युक्ती फार पसंत पडली. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला थोडं सुरक्षित वाटलं.

६

शनिवारी कनका पिशवी घेऊन दारात उभी राहिली. रघुरामने मुद्दाम चष्मा काढून डावा डोळा तळहाताने घट्ट दाबला होता, एकीलाच निरोप द्यायचा म्हणून.

"रसम झाकून ठेवलंय. गोळी विसरू नका. जाऊन येते."

"जाऊन ये," तो म्हणाला. पुरतं म्हणाला, एकेक अक्षर सुटं करून. कनकाने किल्ली खुंटीला अडकवली, त्याच्या गालाला हात लावला आणि ती गेली. चपला वाजल्या. फाटक करकरलं. त्याने गॅलरीत जाऊन पाहिलं नाही.

डोळ्यावरचा हात काढून, चष्मा न लावताच तो खिडकीजवळ बसला. रस्त्यावरून भाजीवाल्याचा कर्णा ओरडत गेला. कट्ट्यावर मनीप्लांटच्या दोन बरण्या होत्या, बोटभर अंतरावर. तो त्यांच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्या एकमेकींकडे सरकल्या, कडेला कड लागली, थरथरल्या, आणि एक झाल्या. खिडकी एक झाली. गज एकेरी झाले. त्याने डोळ्यांपुढे हात धरून बघितला तर पाचच बोटं होती.

बरा झाला होता तो. ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कनका आत्ता स्टेशनच्या वाटेवर असेल, फोन करावा, म्हणून तो उठणार तेवढ्यात स्वयंपाकघरात पेला वाजला.

"कॉफी घेता ना?" कनका बाहेर आली. हातात पेला, हिरवी सुती साडी. एकच. "गाडी चुकली. मन होईना जायला. तुम्ही डोळे मिटून बसला होता, म्हणून उठवलं नाही."

दार वाजल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. पण डोळा लागला असेल एखाद्या मिनिटाला. कॉफीचा वास तोच होता. पदर खोचण्याची तऱ्हा तीच, डाव्या भुवईवरचा तीळ तिथेच. त्याला इतकं खरं मानायचं होतं की त्याने पेला घेतला, घोटही घेतला. कॉफी हवी तशी होती. ती कट्ट्याला टेकून उभी राहिली आणि सवयीने तिने बरणीत तर्जनी बुडवली.

वेलीचा देठ पाण्याच्या रेषेवर मोडलेला होता. तिचं बोट मोडलं नाही. ते हवेतून पाण्यात सरळच्या सरळ गेलं होतं.

रघुरामने पेला खाली ठेवायचा प्रयत्न केला. कॉफी मांडीवर सांडली, भाजली, तरी तो बोटाकडेच बघत राहिला. तिनेही त्याच्या नजरेमागून बोटाकडे पाहिलं आणि थोडी ओशाळली. पदराला हळदीचा डाग दाखवल्यावर कनका ओशाळायची, तशीच.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अहो!" बाहेरून कनकाचा आवाज आला, धापा टाकत. "अय्यो, तुमच्या गोळ्या माझ्याच पिशवीत राहिल्या. बसथांब्यापर्यंत गेले आणि आठवलं. ऐकता ना? येऊ का?"

घरातलीने बोट पाण्यातून काढलं नाही. फक्त मान तिरकी करून रघुरामच्या तोंडाकडे बघत राहिली, पानावर वाढण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी.

"अहो, येऊ का? ठरलंय ना आपलं? म्हणा की!"

रघुरामच्या मनात एकच गोष्ट होती, ती बाहेर आहे, आपली कनका बाहेर आहे, तिला आत घ्यायचं. उठून दार उघडायचं त्याला सुचलं नाही. जे ठरलं होतं तेच सुचलं. त्याने सगळा जीव एकवटून हाक मारली.

"ये! कनका, ये!"

"आले," त्याच्या अगदी जवळून ती म्हणाली.

बरणीत काहीतरी झालं. त्याने ते पुरतं पाहिलं नाही, कारण तो दाराकडे धावत होता. पण जाता जाता एवढं दिसलं की पाण्याच्या रेषेवर तिचं बोट मोडलं होतं, वेलीच्या देठाशेजारी, कुणाच्याही बोटासारखं.

त्याने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर गोळ्यांची पट्टी पडली होती. जिन्यात काचेच्या विटांमधून दुपारचं ऊन आलं होतं आणि पायऱ्यांवर रंगांचे पट्टे पडले होते. त्या पट्ट्यांतून काहीतरी खाली उतरत होतं. एक तांबडी कड, एक निळी कड. खांद्याची, कोपराची, पिशवी धरलेल्या हाताची. त्या दोन कडांच्या मध्ये भिंत दिसत होती.

"कनका," तो म्हणाला. "कनका, ये ना ग. ये. ये."

"अहो, आले म्हटलं की," घरातून प्रेमळ आवाज आला. "दार लावून घ्या. ऊन येतं."

वळणावर त्या दोन कडा क्षणभर थांबल्या. मग तिथून, खालून, अगदी बारीक आवाजात, त्या घरात आजवर कनकाने कधी न उच्चारलेला शब्द आला.

"जाते."